वेगळं माप

एका सेकंदाला एक नाव, या वेगानं वाचायला बसा. मध्ये जेवण नाही, झोप नाही. गडचिरोली-चिमूर लोकसभा मतदारसंघाची २०२४ ची यादी घ्या आणि त्यातली फक्त बायकांची नावं वाचा. ती आहेत ८,०२,४३४. संपायला नऊ दिवस आणि जवळजवळ सात तास लागतील. देशातल्या सगळ्या महिला मतदारांची नावं अशीच वाचायची ठरवली तर? २०२४ च्या सुरुवातीला ती होती ४७ कोटी १५ लाख. तुम्ही आज सुरुवात केलीत तर आज जन्मलेलं मूल दहावीच्या वर्गात जाऊन बसेल, तेव्हा शेवटचं नाव येईल.

हे आकडे डोळे दिपवणारे आहेत. पण मला खरं सांगायचंय ते मापाबद्दल. बाईचं मत मोजायचं माप गेली शंभर वर्षं पुरुषाच्या मापापेक्षा वेगळं राहिलं. कधी ते वयाचं होतं, कधी नवऱ्याच्या जमिनीचं, कधी शाळेच्या दाखल्याचं. ते सारखं करून घ्यायला बायका तुरुंगात गेल्या. आणि एका ठिकाणी ते अजूनही वेगळं आहे. तिकडे शेवटी येते.

आधी आपलं एक माप हाताशी घेऊ. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलात मे महिन्यात तेंदूपानांच्या खरेदीची फळी लागते. पहाटे तोडलेली पानं बायका अंगणात पसरून बसतात, एकेक निवडतात, सारखी लावतात आणि पुडा बांधतात. एका पुड्यात पानं सत्तर. हजार पुड्यांची एक गोणी, म्हणजे सत्तर हजार पानं, आणि त्यातलं प्रत्येक पान कुणाच्या तरी बोटांखालून गेलेलं. शाळेचं तोंड न पाहिलेली म्हातारीसुद्धा सत्तरला चुकत नाही. एक पान आणि एक पुडा हे माप लक्षात ठेवा. तुरुंग मोजायला ते उपयोगी पडणार आहे.

तुरुंगाची गोष्ट सुरू होते लंडनच्या हॉलोवे जेलपासून. १९०५ ते १९१४ या काळात मताधिकारासाठी लढणाऱ्या, काचा फोडणाऱ्या, पार्लमेंटवर चालून जाणाऱ्या ज्या ज्या लोकांना पकडलं, त्यांची यादी ब्रिटिश सरकारनं ठेवली होती. नावं भरली तेराशेच्या आसपास, बहुतेक सगळी बायकांची. १८ नोव्हेंबर १९१० या एकाच दिवशी सुमारे तीनशे बायका पार्लमेंटकडे निघाल्या, पोलिसांनी त्यांना सहा तास ढकललं, बुकललं आणि ११९ जणांना पकडलं. जुलै १९०९ मध्ये मॅरियन वॉलेस डनलप या चित्रकर्तीनं तुरुंगात अन्न नाकारलं. ९१ तासांनी सरकारनं तिला सोडलं. पुढच्या बायकांना मात्र सोडलं नाही. सप्टेंबर १९०९ पासून त्यांच्या नाकातोंडातून रबरी नळी घालून पोटात पेज ओतायला सुरुवात झाली. एमिली डेव्हिसन नऊ वेळा पकडली गेली आणि ४९ वेळा तिला असं जबरीनं भरवलं. किटी मॅरियन ही रंगभूमीवरची नटी; तिला १९१४ मध्ये काही महिन्यांत २३२ वेळा भरवलं. दोनशे बत्तीस वेळा हातपाय धरून, मान मागे दाबून. हा आकडा मी लिहिला तेव्हा पुढचं वाक्य बराच वेळ सुचलं नाही.

एवढं सोसून १९१८ मध्ये जे मिळालं तेही अर्धंच होतं. पुरुषाला एकविसाव्या वर्षी मत, बाईला तिसाव्या, आणि तेही घर-जमिनीची अट पुरी केली तर. अशा ८४ लाख बायका निघाल्या. सारखं माप व्हायला तिथेही १९२८ उजाडलं.

या हॉलोवेतून एक धागा थेट आपल्याकडे येतो. नोव्हेंबर १९१० च्या त्या धामधुमीत दगडफेक केली म्हणून एका आयरिश बाईला महिन्याची कैद झाली. नाव मार्गारेट कझिन्स. १९१३ मध्ये डब्लिनच्या किल्ल्याच्या काचा फोडल्या म्हणून तिला पुन्हा महिना झाला, तिथे तिनं उपोषण केलं. १९१५ मध्ये ती नवऱ्याबरोबर हिंदुस्थानात आली आणि इथलीच झाली. 'जन गण मन'चं स्वरलेखन मदनपल्लीत केलं ते हिनंच. डिसेंबर १९१७ मध्ये मद्रासला सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली बायकांचं शिष्टमंडळ भारतमंत्री माँटेग्यूसाहेबांना भेटलं आणि बाईलाही मत द्या असं म्हणालं, त्यामागचा खटाटोप हिचा होता. जानेवारी १९२७ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात अखिल भारतीय महिला परिषद पहिल्यांदा भरली, अध्यक्षस्थानी बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड. त्या परिषदेची हाकही हिचीच. आणि १९३२ मध्ये सरकारच्या दडपशाहीच्या वटहुकमांविरुद्ध बोलली म्हणून तिला वेल्लोरच्या तुरुंगात धाडलं. तीन देशांत तीन तुरुंग. पहिले दोन मतासाठी, तिसरा आपल्या स्वातंत्र्यासाठी.

इथेच आपली वाट लंडनपेक्षा वेगळी होते. आपल्याकडे बायका निव्वळ मतासाठी म्हणून तुरुंगात गेल्या नाहीत. त्या देशासाठी गेल्या आणि मत त्या लढ्याच्या पदरात बांधून आणलं. मुंबई इलाख्यात १९२१ मध्येच कायदेमंडळानं बाईचं मत मान्य केलं, त्यासाठी पुण्यात रमाबाई रानडे उतारवयात झटल्या. चांदा जिल्हा, म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली, तेव्हा मध्य प्रांतात. तिथे हा ठराव व्हायला १९२७ साल लागलं. पण मान्य झालं म्हणजे मिळालं असं नव्हतं. मत होतं ते जमीनधारा भरणाऱ्याला, आणि सातबारा बाईच्या नावावर असतो कुठे? वीस पुरुष मतदारांमागे एक बाई, असं ते माप होतं.

नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांच्याकडे पाहिलं की हा सगळा काळ एका आयुष्यात दिसतो. जन्म बेळगावचा, १८९६. शिक्षण फर्ग्युसनमध्ये. १९२८ मध्ये मध्य प्रांताच्या कायदेमंडळावर सरकारनं त्यांची नेमणूक केली. दोनच वर्षांत गांधीजींना अटक झाली आणि बाईंनी ती खुर्ची सोडली. कायदेमंडळातून त्या गेल्या तुरुंगात, चार महिने. १९३७ मध्ये त्याच प्रांताच्या नव्या विधानसभेत त्या उपसभापती झाल्या. विधानसभेत जागा ११२, त्यातल्या बायकांसाठी राखीव तीन.

१९३० चा एक सरकारी आकडा आहे. १५ नोव्हेंबर १९३० या दिवशी सविनय कायदेभंगाचे २९,०५४ कैदी तुरुंगात होते. त्यात बायका ३५९. पहिल्या वाचनात ३५९ कमी वाटतात. मलाही वाटल्या. पण ही एका दिवसाची हजेरी आहे. चार-सहा महिन्यांच्या शिक्षा भोगून आधीच घरी आलेल्या यात नाहीत, नंतर गेलेल्याही नाहीत. आणि कुठल्या घरांतून गेल्या? जिथे उंबरठा ओलांडायला सासूची परवानगी लागायची, तिथून. त्याच वर्षी १० जुलैला बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून जंगल सत्याग्रह सुरू केला. मूठभर गवत कापणं हा गुन्हा. जंगलात राहणाऱ्या बाईला तर रोज सकाळी हा गुन्हा करूनच चूल पेटवावी लागे.

मार्च १९३१ मध्ये गांधी-आयर्विन करार झाला, तुरुंगांची दारं उघडली आणि महिना संपायच्या आत कराचीला काँग्रेसनं ठराव केला की स्वतंत्र हिंदुस्थानात प्रत्येक प्रौढ माणसाला मत असेल. बाई-पुरुष, जमीनदार-मजूर, शिकलेला-अडाणी असा भेद राहणार नाही. तुरुंगातून सुटलेल्या बायकांचा घाम अजून वाळला नव्हता. राज्यघटनेतल्या ३२६ व्या कलमाचं मूळ त्या ठरावात आहे असं मी मानते.

इंग्रज सरकारनं मात्र १९३५ मध्ये माप थोडंसंच सैल केलं. पुरुष मतदार २ कोटी ९० लाख, बायका ६० लाख. म्हणजे जवळजवळ पाचास एक. स्वतःकडे किंवा नवऱ्याकडे मालमत्ता असली किंवा स्वतःला लिहिता-वाचता आलं तरच बाईचं नाव यादीत. चांद्याच्या जंगलात तर आणखी एक कुंपण होतं. अहेरीची जमीनदारी, धानोरा, रांगी, मुरूमगाव, पोटेगाव, गेवर्धा, खुटगाव, पळसगड अशा गावांभोवतीचे मुलूख १९३६ च्या हुकमानं 'अंशतः वगळलेले प्रदेश' ठरले. नागपूरच्या विधानसभेनं कायदा केला तरी गव्हर्नरनं म्हटल्याशिवाय तो इथे लागू नाही. इथली माडिया किंवा गोंड बाई म्हणजे कुंपणाच्या आत कुंपण आणि त्याच्याही आत. मताची रेघ तिच्यापर्यंत पोचायची कशी?

आता चिमूर.

१६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी पेटलेलं काही हजार वस्तीचं गाव. मिरवणूक निघाली, गोळीबार झाला, सोळा वर्षांचा बालाजी रायपूरकर पडला. मग लोकांचा संताप अनावर झाला आणि चार सरकारी माणसं मारली गेली. गावानं रस्त्यावर झाडं पाडून वाटा अडवल्या. १९ ऑगस्टला लष्कर आलं. त्यांनी गावातले पुरुष पकडून नेले. घरात उरल्या त्या बायका आणि लेकरं. त्यांच्यावर शिपायांनी जे अत्याचार केले त्याची चौकशी करायलासुद्धा सरकार तयार झालं नाही. आपल्याकडे तुरुंगाची गोष्ट सांगताना आत गेलेल्यांची संख्या सांगतात. चिमूरला तुरुंग बाहेरही होता. माणसं नेलेल्या गावात, कडी नसलेल्या दारामागे.

सेवाग्राम आश्रमातल्या प्राध्यापक भन्साळींनी या बायकांसाठी अन्न सोडलं. मागणी एवढीच की चौकशी करा. पायी चिमूरला निघाले तर पोलिसांनी पकडून परत आणलं. उपोषणाची बातमी छापायला बंदी झाली, तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांनी ६ जानेवारी १९४३ ला हरताळ पाळला. १२ जानेवारीला उपोषण सुटलं तेव्हा ६३ दिवस झाले होते. लंडनमध्ये ९१ तासांत सरकार नमलं होतं, इथे १,५१२ तास लागले, साडेसोळा पट. आणि तेव्हाही मिळालं काय, तर बातम्यांवरची बंदी उठली. अत्याचाराची शिक्षा कुणाला झाली नाही.

'चले जाव'मध्ये १९४३ अखेरपर्यंत देशात एकूण अटका झाल्या ९१,८३६. आता आपलं माप काढा. ब्रिटनच्या मताधिकारवाल्यांची दहा वर्षांची सारी यादी तेराशेच्या घरातली. तिला एक पान धरलं तर १९४२ च्या अटका म्हणजे भरगच्च बांधलेला एक पुडा. सत्तर पानं, जवळजवळ नेमकी. त्या पानाला कमी लेखायला हे सांगत नाही. २३२ वेळा नळी सोसलेल्या बाईला कमी लेखायची माझी छाती नाही. पण जगभर पुस्तकांत, सिनेमात ते एक पान दिसतं. पुडा जंगलातच राहिला.

चिमूरच्या आणि त्याच दिवसांत पेटलेल्या आष्टीच्या खटल्यांत फाशीच्या शिक्षा झाल्या. त्या रद्द व्हाव्यात म्हणून पायाला भिंगरी लावून फिरल्या त्या पुन्हा अनसूयाबाई काळे. १९४५ मध्ये उरलेल्या फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या. पुढे १९४८ मध्ये अनसूयाबाई अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्ष झाल्या, हॉलोवेच्या कैदीणीनं पुण्यात उभ्या केलेल्या त्याच परिषदेच्या. आणि १९५२ मध्ये नागपूरच्या खासदार.

१९५१-५२ ची ती पहिली निवडणूक हा आकड्यांचा डोंगर आहे. १७ कोटी ३२ लाख मतदार. मतपेट्यांसाठी ८,२०० टन पोलाद. बायकांसाठी राखून ठेवलेली २७,५२७ मतदान केंद्रं. महिला मतदार सुमारे आठ कोटी, म्हणजे ब्रिटनला १९१८ मध्ये मिळाल्या त्याच्या नऊ पटींहून जास्त, आणि एका फटक्यात. वय सारखं, अट सारखी. जगात इतक्या बायकांना एकाच वेळी मत कधीच मिळालं नव्हतं.

तरी २८ लाख बायका गळाल्या. यादी करायला माणूस दारात आला, नाव विचारलं, आणि आतून उत्तर आलं, 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई'. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी स्वतःचं नाव नसलेल्या नोंदी यादीतून काढायला लावल्या. त्या काळी त्यांच्यावर टीका झाली, मला मात्र तो निर्णय योग्य वाटतो; पुढच्या निवडणुकीपर्यंत बायकांनी नावं सांगितली. पण २८ लाख म्हणजे किती? सेकंदाला एक या वेगानं वाचायची म्हटली असती तर ३२ दिवसांचं वाचन. आजच्या गडचिरोली-चिमूरमधले बाई-पुरुष मिळून सगळे मतदार १६,१७,२०७; त्यांच्या पावणेदोनपट बायका नाव न सांगता घरात राहिल्या.

आता त्याच जंगलात १९ एप्रिल २०२४ ला या. मोहाचा हंगाम सरत आलेला, तेंदूची फळी लागायच्या तोंडावरचे दिवस. गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा, सगळं लंडन शहर त्यात नऊ वेळा मावेल, आणि २०११ च्या गणतीप्रमाणे माणसं चौरस किलोमीटरला ७४. मतदारसंघाच्या बऱ्याच भागात मतदान सकाळी सात ते दुपारी तीन एवढंच. आठ तास. अंधारात उठून मोह वेचायचा, टोपली घरी टाकायची, लुगडं बदलायचं, पायी केंद्रावर जायचं, उन्हात रांगेत उभं राहायचं, डाव्या हाताच्या बोटाला शाई लावून घ्यायची आणि परत येऊन मोह वाळत घालायचा. असा तो दिवस. त्या दिवशी इथे मतदान झालं ७१.८८ टक्के. राज्याची सरासरी ६१ च्या घरात. महाराष्ट्रातल्या ४८ मतदारसंघांत हा पहिला आला, कुंपणाच्या आतल्या कुंपणातला मुलूख.

मत देण्यात पहिला. मत मिळण्यात? चंद्रपूरमधून १९६४ च्या पोटनिवडणुकीत ताई कन्नमवार लोकसभेत गेल्या. त्यानंतर बाई निवडून आली ती २०२४ मध्ये, प्रतिभा धानोरकर, २,६०,४०६ मतांच्या फरकानं. मध्ये साठ वर्षं. गडचिरोली-चिमूर हा मतदारसंघ २००९ पासूनचा; तिथून अजून एकही नाही.

आता सुरुवातीला म्हटलं होतं त्या एका ठिकाणाकडे येते. डिसेंबर २०१० मध्ये 'श्रमिक एल्गार' संघटनेच्या हजारो बायका दारूबंदीसाठी चिमूरहून नागपूरच्या विधानभवनावर पायी गेल्या. निघाल्या त्याच चिमूरहून. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ८४७ ग्रामपंचायतींपैकी ५८८ नी दारूबंदीचे ठराव केले. १ एप्रिल २०१५ ला जिल्ह्यात बंदी आली, २०२१ मध्ये उठली. बंदी नसलेल्या गावात दारूचं दुकान बंद करायचं तर २००८ च्या नियमाप्रमाणे बायकांचं मतदान घेता येतं. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान नको असेल तर आडवीवर शिक्का. महाराष्ट्रात फक्त बायकांचं असं हे मतदान.

आणि अट अशी की गावच्या यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्यांहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. आलेल्यांपैकी नव्हे, यादीतल्यांपैकी. गणित करून पाहा. यादीत हजार बायका. मजुरी बुडवून सहाशे आल्या. आडवीला ४९०, उभीला ११०. निकाल काय? ४९० हरल्या, दुकान चालू. कामासाठी परगावी गेलेली, आजारी पडलेली, नवऱ्यानं दमदाटी करून घरात बसवलेली, यादीत नाव राहिलेली मेलेली बाईसुद्धा, सगळ्या दुकानाच्या बाजूनं मोजल्या जातात.

हेच माप आपण खासदाराला लावतो का? गडचिरोली-चिमूरला २०२४ मध्ये निवडून आलेल्या उमेदवाराला ६,१७,७९२ मतं पडली, दीड लाखाच्या जवळ मताधिक्य, निर्विवाद विजय. यादीतल्या एकूण मतदारांशी ते प्रमाण ३८ टक्के पडतं. ३८ टक्क्यांवर दिल्लीला जाता येतं आणि गावातलं दारूचं दुकान बंद करता येत नाही. आमदाराला ही अट नाही, सरपंचाला नाही, पंतप्रधानाच्या पक्षाला नाही. ती आहे ती तिथे, जिथे बायका एकट्या मत देतात.

म्हणून एक मागणी करते, आणि ती चंद्रपूर जिल्ह्यातल्या सर्व आमदारांकडे, दोन्ही मतदारसंघांच्या खासदारांकडे आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाकडे आहे. हा नियम बदला. आडव्या बाटलीची मतं झालेल्या मतदानातून मोजा, जशी तुमची मोजली जातात.